व्यापारविद्येला देश असतो काय?

युरोपीय उद्योगव्यवस्थापन या विषयातील आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर पदवी युरोपातील एखाद्या विद्यापीठातून घ्यावी, असा मनोदय अलीकडे पुण्या-नाशकाच्याच नव्हे तर सांगली-अकोल्याच्याही मध्यमवर्गीय घरांतून व्यक्त होऊ लागला आहे. आणि तो व्यक्त झाला की खर्च, कर्ज, थंडी आणि मुलामुलींचे एकटेपण यांचा ऊहापोह यथेच्छ होतो, परंतु त्या पदवीत शिकवितात तरी काय, आणि ते शिकण्यासाठी तेथेच का जावे, हा मूळ प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. माझ्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तो विचारला. हे गृहस्थ आयुष्यभर हिशेबतपासनीसाचा व्यवसाय करून आणि सायंकाळच्या वर्गांतून वाणिज्यशाखेच्या विद्यार्थ्यांना जमाखर्च शिकवून निवृत्त झालेले आहेत. आणि त्यांनी तो विचारला आपल्या भाचीला, जी जर्मनीतील एका शासकीय उच्चशिक्षणसंस्थेत या पदवीचे पहिले वर्ष पुरे करून, पुढील सत्रासाठी फ्रान्सला जाण्यापूर्वी, सुटीत घरी आली होती. मी तेथे होतो. दोघांचेही म्हणणे मला महत्त्वाचे वाटले, म्हणून ते येथे देत आहे. जेथे मला स्वतःला राहवले नाही तेथे माझे मतही घातले आहे.

मामा : व्यवस्थापन ही विद्या आहे हे मला मान्य, पण तिला युरोपीय, अमेरिकी, हिंदुस्थानी असे प्रांत असतात हे मान्य नाही. जमाखर्चाचेच घे. लुका पाचोली या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत व्यवस्थित मांडली. पण ती शिकण्यासाठी आपल्यापैकी कोणाला व्हेनिसला जावे लागले नाही. मुंबईत सिडनॅम महाविद्यालय १९१३ मध्ये निघाले, आणि तेव्हापासून या प्रांतातील मुले तीच विद्या येथे बसून शिकत आली. कीर्द नीट लिहिली आणि खतावणी बरोबर केली, तर जमा ती जमा आणि नावे ते नावे. ऱ्हाइन नदीच्या काठी बसून लिहिली म्हणून नफ्याचा तोटा होत नाही.

भाची : होतो, मामा. १९९३ साली तेच झाले. डाइमलर-बेंझ कंपनीने त्या वर्षी आपले भाग न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदविले, आणि त्यासाठी जर्मन नियमांप्रमाणे केलेले हिशेब अमेरिकी नियमांप्रमाणेही मांडून दाखविणे तिला भाग पडले. जर्मन हिशेबात त्या वर्षी ६१ कोटी ५० लक्ष मार्कांचा नफा होता. अमेरिकी हिशेबात सुमारे १८४ कोटी मार्कांचा तोटा निघाला. कारखाने तेच, मोटारी त्याच, कामगारही तेच, आणि वर्षही तेच.

मामा : लबाडी होती?

भाची : अजिबात नाही, दोन्ही हिशेब कायदेशीर होते. जर्मन व्यापारसंहितेला चिंता धनकोची. ज्या बँकेने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले तिची रक्कम सुरक्षित राहावी, म्हणून तोटा संभाव्य दिसताच नोंदवावा आणि नफा हाती पडल्यावाचून नोंदवू नये, असा तेथील शिरस्ता. आणि त्यामुळे चांगल्या वर्षी गंगाजळी मुक्तहस्ताने साठवून वाईट वर्षी ती गाजावाजा न करता बाहेर काढण्याची मुभाही त्या कायद्यात होती. अमेरिकी कायद्याला चिंता त्या भागधारकाची, जो आज भाग घेतो आणि उद्या विकतो. त्याला यंदाची खरी स्थिती यंदाच कळली पाहिजे. साल वाईट होते, गंगाजळी खुली झाली, आणि एका पत्रकात ती नफा म्हणून दिसली, दुसऱ्यात दिसू शकली नाही. पुस्तकात मी ‘सावधगिरीचे तत्त्व’ हे शब्द येथेही वाचले होते. ते तत्त्व नेमके कोणाच्या रक्षणासाठी आहे, आणि ज्या देशात उद्योगाचे भांडवल शेअरबाजारापेक्षा बँकांतून आले त्या देशात ते इतके कडक का, हे मला तेथे गेल्यावर उमगले.

मामा क्षणभर थांबले, पण हा प्रांत त्यांचा होता आणि त्यांनी सहजासहजी माघार घेतली नाही. युरोपीय संघाने २००५ पासून बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांना आंतरराष्ट्रीय मानके सक्तीची केली, तेव्हा हा भेद आता इतिहासजमा झाला, असे ते म्हणाले. भाचीचे उत्तर असे की, सक्ती आहे ती एकत्रित हिशेबांना; ज्या स्वतंत्र ताळेबंदावरून लाभांश ठरतो आणि ज्याच्या आधारे कर आकारला जातो, तो जर्मनीत अद्याप जुन्या संहितेप्रमाणेच होतो, आणि ज्या हजारो मध्यम आकाराच्या कौटुंबिक कंपन्यांवर त्या देशाची निर्यात उभी आहे, त्यांपैकी बहुतेकींचा शेअरबाजाराशी संबंधच नाही. हिशेबाच्या बाबतीत माझ्या मते भाचीची सरशी झाली, आणि ती तपशिलाच्या बळावर झाली याचा मला आनंद आहे. कारण परदेशी शिक्षणाचे समर्थन करणारी बहुतेक मंडळी ‘व्यापक दृष्टी’, ‘जागतिक अनुभव’ अशा धूसर शब्दांच्या आश्रयाला जातात.

मामा : बरे, हिशेब राहू दे. व्यवस्थापन म्हणजे अखेर माणसांकडून काम करून घेणे. माणूस तर सगळीकडे सारखाच ना?

भाची : माणूस सारखा, त्याचा अधिकार सारखा नाही. दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या जर्मन कंपनीच्या निरीक्षक मंडळात, १९७६ च्या कायद्यान्वये, निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या असतात. आणि हेच मंडळ कंपनी चालविणाऱ्या कार्यकारी मंडळाची नेमणूक करते. म्हणजे मुख्य अधिकाऱ्याला नेमणाऱ्यांत यंत्रावर उभा राहणारा माणूसही असतो.

मामा : आणि मते समसमान पडली तर?

भाची : अध्यक्षाला दुसरे मत असते.

मामा : अध्यक्ष कोणाचा?

भाची : भागधारकांचा.

मामा : म्हणजे निम्म्या जागा देऊन निर्णय मात्र हातात ठेवला. कागदावरील समानता आम्हीही पुष्कळ पाहिली आहे.

भाची : वरच्या मंडळापुरता तुमचा आक्षेप खरा आहे. कोळसा आणि पोलाद या धंद्यांसाठी १९५१ मध्ये जो कायदा झाला त्यात दोन्ही बाजूंना सारख्या जागा देऊन वर एक तटस्थ सभासद ठेवला होता. १९७६ मध्ये तितके साधले नाही. पण खरी सत्ता खाली आहे. पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेतही बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली परिषद, स्थापन करता येते. आणि ती असेल तेथे कामाची वेळ केव्हा सुरू व्हावी, जादा काम केव्हा घ्यावे, रजेचे वेळापत्रक कसे असावे, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारे यंत्र बसवावे की नाही, यांतले काहीही तिच्या संमतीवाचून बदलत नाही. व्यवस्थापक हुकूम घेऊन जात नाही. मसुदा घेऊन जातो. पहिल्याच सत्रात आम्हाला असा मसुदा करावयास लावले, आणि वर्गातील निम्म्यांना कर्मचारी-परिषदेच्या बाजूने बसविले. त्या दिवशी मी दुसऱ्या बाजूला होते आणि माझा मसुदा तीन वेळा परत आला.

या ठिकाणी मला थोडे विषयांतर करणे आवश्यक वाटते. आपल्याकडील व्यवस्थापनाच्या शिक्षणाने, ते १९६० नंतर आकाराला आले तेव्हापासून, आपली पुस्तके, उदाहरणे आणि परिभाषा मुख्यतः अमेरिकेतून घेतली. आणि त्या परिभाषेत कामगार हा पुष्कळदा एक साधन म्हणून येतो, ज्याचा योग्य वापर करावयाचा असतो. ज्या मुंबईत १९८२ च्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले, आणि जेथे १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिलेला असल्यामुळे, कामगारांचा विश्वास एकीकडे आणि वाटाघाटीचा हक्क दुसरीकडे अशी विपरीत अवस्था उत्पन्न झाली, त्या शहराने तरी कारखान्यात निवडलेल्या परिषदेचा विचार बारकाईने अभ्यासावयास हवा होता. अशी परिषद असती तर गिरण्या वाचल्या असत्या, असे मी म्हणत नाही. त्यांच्या ऱ्हासाची कारणे अनेक होती. परंतु उद्योगात मालकाखेरीज इतरांचेही न्याय्य हक्क असतात आणि ते विधिपूर्वक सांभाळणे हे व्यवस्थापनाचे अंगभूत काम आहे, ही दृष्टी ज्या शिक्षणातून मिळते ते शिक्षण आपल्याला परके मानण्याचे कारण नाही. किंबहुना, भाची जे शिकली त्यात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच.

मामांनी यानंतर लंडनचा प्रश्न काढला. आमच्या पिढीला विलायत म्हणजे लंडन. तेथील भाषा येते, नातेवाईक आहेत, पदवी एका वर्षात मिळते, मग जर्मनीचा आडमार्ग कशाला? ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, एवढे सांगून भाचीने तो निकालात काढला; ब्रिटिश विद्यापीठाच्या श्रेष्ठतेला त्याने बाध येत नाही, पण ज्या बाजारपेठेचे नियम शिकावयाचे ती आता त्या देशाच्या हद्दीबाहेर आहे.

मामा : बाजारपेठेचे नियम व्यापाऱ्याला दलाल सांगतो. त्यासाठी पदवी लागत नाही.

भाची : १ मे २०१४ आठवा. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने आपला आंबा एका फर्मानाने बंद केला, आणि ऐन हंगामात अठ्ठावीस देशांची दारे एकाच दिवशी लागली. बंदी उठली ती पुढच्या वर्षी. देवगड-रत्नागिरीच्या बागाईतदाराला तेव्हा कळले की, त्याचा खरा व्यवहार लंडनच्या अडत्याशी नव्हता, ब्रुसेल्समधील दप्तराशी होता. आणि मोठ्यांचीही तीच गत. टाटा स्टील आणि थिसेनक्रुप यांनी युरोपातील आपले पोलादाचे उद्योग एकत्र करण्याचा करार केला. एक कंपनी मुंबईची, दुसरी जर्मनीची, दोघी राजी. ११ जून २०१९ रोजी युरोपीय आयोगाने तो नामंजूर केला, कारण मोटारींना आणि डबाबंद मालाला लागणाऱ्या विशिष्ट पोलादातील स्पर्धा कमी होऊन ग्राहकांना जादा किंमत मोजावी लागेल असे त्याचे मत पडले. दोन मालक राजी असताना काजी कोण आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने तो करार लिहूच नये.

मामा : आयोग नुसता अडवितोच काय?

भाची : वाटाही मोकळ्या करतो, पण त्यात न्यायालयाचा वाटा मोठा. फ्रान्समधील काळ्या बेदाण्यासारख्या फळांचे एक मद्य, कासिस द दीजों, जर्मन कायद्याला हवे तितके तीव्र नाही म्हणून जर्मनीत विकू देत नव्हते. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, एका सभासद देशात जो माल कायदेशीरपणे विकला जातो तो दुसऱ्याने सबळ कारणावाचून अडवू नये. मद्य कमी तीव्र आहे म्हणून लोकांच्या प्रकृतीला धोका आहे, हा जर्मन सरकारचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. पुढे १९९३ पासून जी एकसंध बाजारपेठ अमलात आली तिचा वैचारिक पाया या एका दाव्यात आहे. आम्हाला हा निकाल दोन आठवडे शिकविला.

एवढ्यावर संवाद संपला असता तर तो एकांगी झाला असता. परंतु मामांनी आपले खरे शस्त्र राखून ठेवले होते.

मामा : हे सारे तू कोणत्या भाषेत शिकलीस?

भाची : इंग्रजीत. अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय आहे. वर्गात बावीस देशांची मुले आहेत.

मामा : ती कर्मचारी-परिषद, जिच्यापुढे मसुदा घेऊन जावे लागते, ती कोणत्या भाषेत बोलते?

भाची : जर्मन.

मामा : तुला किती येते?

भाची : बाजारहाट होतो. आम्हाला एका कारखान्यात नेले होते; सभागृहात अधिकाऱ्यांनी इंग्रजीत सुंदर माहिती दिली, आणि मग जेवणाच्या टेबलावर परिषदेचा एक सभासद समोर बसला. तो रात्रपाळीच्या तंट्याविषयी बोलत होता. मला निम्मे समजले, आणि जे निसटले तेच महत्त्वाचे होते, हे इतरांच्या चेहऱ्यावरून कळले.

मामा : मग तू युरोपाचा व्यवहार दिवाणखान्यात बसून शिकलीस. मघाशी मी सिडनॅमचे नाव घेतले. तेथे १९१८ पासून अर्थशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक पगारातून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून कर्ज घेऊन, १९२० मध्ये लंडनला गेले.

भाची : बाबासाहेब आंबेडकर. हे उदाहरण मीच देणार होते. ती विद्या सिडनॅममध्ये बसून पुरी होत असती, तर तेथला प्राध्यापक कशाला गेला असता?

मामा : गेले, ते योग्यच केले. पण १९२२ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात नाव घातले, त्याच्या आधी त्या विद्यापीठाला पत्र लिहिले ते जर्मन भाषेत. प्रवेश मागतानाच दाराची भाषा त्यांना येत होती. तुमच्या पदवीला ती जातानाही लागत नाही, आणि येतानाही लागत नाही.

भाचीने या आक्षेपाचा प्रतिवाद केला नाही. उलट त्याला बळकटी देणारी माहिती तिनेच पुरविली. युरोपीय व्यवस्थापनाचे शिक्षण म्हणून जे प्रथम उभे राहिले त्यात भाषा हा पाया होता. पॅरिसच्या व्यापारी मंडळाने १९७३ मध्ये या हेतूने जी शाळा काढली, आणि जी १९९९ मध्ये १८१९ पासून चालत आलेल्या पॅरिसच्याच जुन्या व्यापारी विद्यालयात विलीन झाली, तिचा विद्यार्थी तीन वर्षे तीन देशांत काढी आणि फ्रेंच, इंग्रजी व जर्मन या तिन्ही भाषांतून शिके. कलोन, मिलान, बार्सिलोना आणि पॅरिस येथील चार संस्थांनी १९८८ मध्ये जो संघ केला त्याच्या पदवीसाठीही मातृभाषेखेरीज आणखी भाषांचे ज्ञान सिद्ध करावे लागते. पुढे १९९९ च्या जून महिन्यात एकोणतीस देशांच्या मंत्र्यांनी बोलोन्या येथे एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, निरनिराळ्या देशांच्या पदव्या एका मापात आल्या, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. दारे उघडली हे खरेच. आमच्याकडील मुलीला तेथे जाता आले ते त्यामुळेच. पण प्रवेश सुलभ करताना ज्या अटीमुळे त्या शिक्षणाला खोली होती ती अट गळून पडली, हे मामांचे निदान मला बिनतोड वाटते. आणि म्हणून, पदवीच्या बाजूने माझा कौल असला तरी, भाषेवाचून ती घेणाऱ्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जी गोष्ट पुस्तकात इंग्रजीत मिळते ती मुंबईतही मिळते, आणि जी कारखान्याच्या जेवणघरात मिळते ती इंग्रजीत मिळत नाही.

भाची : भाषेला तास कोठून आणायचे, हा माझा प्रश्न आहे.

मामा : तास मोजता येतात. सांग.

भाची : दोन वर्षांचे १२० श्रेयांक. एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो.

मामा : म्हणजे ३००० ते ३६०० तास, वर्षाला दीड हजाराच्या वर. वर्गातली हजेरी त्यात किती?

भाची : थोडी. बाकी वाचन आणि लेखन. बहुतेक वर्गांत हजेरी कोणी विचारत नाही, परीक्षा मात्र सोडत नाही.

मामा : हे मला आवडले. आणि पैशासाठी काम किती करतेस?

भाची : आमच्यासारख्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस करण्याची परवानगी आहे. मी जवळजवळ सगळे केले. गोदामात, खोकी बांधण्याचे.

मामा : आठ तासांच्या हिशेबाने अकराशेवीस तास. जर्मनच्या वर्गाला?

भाची : आठवड्याला तीन.

मामा : हा तुझा ताळेबंद. विद्या शिकायला गेलीस, आणि भाषेच्या कितीतरी पट वेळ खोक्यांना दिलास.

भाची : मामा, व्हिसासाठी बंद खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात, दहा लक्ष रुपयांहून अधिक झाले. ते महिन्याला ९९२ प्रमाणे परत हाती येतात आणि त्यातच घरभाडे, विमा, जेवण. शासकीय संस्थेत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही, म्हणून लोक फुकट म्हणतात. पण बाबांनी घर तारण ठेवले आहे, आणि त्या हप्त्याला माझा थोडा तरी हातभार लागावा असे मला वाटणारच. ज्यांच्या घरी तारण ठेवायला घरच नाही, ती मुले तर येथवर पोहोचतच नाहीत.

मामा यावर काही बोलले नाहीत, आणि मलाही बोलण्यासारखे काही सुचले नाही. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, युरोपीय संघाच्या आहेत, जर्मनांच्याही आहेत. परंतु अर्ज करणाऱ्यांच्या संख्येपुढे त्या थोड्या, आणि शाहू महाराजांसारखा आश्रयदाता प्रत्येकाला लाभत नाही.

मामा : प्रबंध कशावर लिहिणार?

भाची : पुण्याच्या कंपन्यांनी जर्मनीत कारखाने विकत घेतले आहेत. भारत फोर्जने २००४ मध्ये एनेपेटालचा एक जुना घडाई कारखाना घेतला, त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. पुण्याचा व्यवस्थापक आणि तेथली कर्मचारी-परिषद यांच्यात करार कसे होतात, कोणत्या बाबतीत अडतात, यावर लिहावे असे मनात आहे. परवानगी मिळाली तर तेथेच, नाही तर अशाच दुसऱ्या ठिकाणी.

मामा : विषय चांगला आहे. पण परिषदेच्या सभासदांच्या मुलाखती इंग्रजीत घेणार असशील, तर आजच बदल.

भाची : म्हणूनच फेब्रुवारी-मार्चचे गोदामातले काम मी सोडले आहे. त्या दोन महिन्यांत जर्मनचा पूर्ण दिवसाचा वर्ग आहे. त्याचे शुल्कही भरले.

मामा : घरी सांगितलेस?

भाची : अजून नाही. तुम्ही सांगाल, या आशेने आले.

मामा : सांगतो. दोन महिन्यांचा तुझा हप्ताही मी भरतो, पदवीनंतर फेड. मुलाखतीचे प्रश्न मात्र आधी जर्मनमध्ये लिही, इंग्रजी नंतर कर.